येते म्हणायचं नसतं

माणसं पोचवायचं शिक्षण मी घेतलं ते साठी उलटल्यावर. आमच्या हॅलिफॅक्सच्या मराठी मंडळात ही बातमी फिरली तेव्हा जयंतीचा फोन आला. "प्रमोदिनी, आर यू ओके? म्हणजे लोकांच्या मयताला जायचा कोर्स? असा कोर्स असतो?" मी म्हटलं, असतो, पदव्युत्तर असतो, आधी डिग्री दाखवावी लागते. माझी नागपूरची समाजशास्त्रातली एम. ए. चाळीस वर्षं ट्रंकेत पडून होती, ती एकदाची कुणाच्या तरी कामी आली. जयंती "हं" म्हणाली आणि सुनेच्या नव्या किचनबद्दल बोलायला लागली.

सिव्हिल सेलेब्रंट म्हणजे काय ते आधी सांगते, कारण मलाही ठाऊक नव्हतं. ज्यांना पाद्री नको, भटजीही नको, पण लग्न किंवा अंत्यविधी नीट आणि शोभेसा व्हायला हवा, त्यांच्यासाठी तो विधी लिहिणारं आणि उभं राहून पार पाडणारं माणूस. लग्नाचे कायदे इथे दर प्रांतात निराळे, म्हणून आमच्या कोर्सचा भर अंत्यविधीवर होता. घरच्यांकडे जायचं, गेलेल्या माणसाबद्दल ऐकायचं आणि त्यातून असं काही बांधायचं, की ऐकणाऱ्याला वाटावं, हो, अगदी अशीच होती ती.

मी या वाटेला लागले ती ह्यांच्यामुळे. हे म्हणजे डॉक्टर देवदत्त पिंपळापुरे, भूल देणारे डॉक्टर. एकाहत्तर साली आम्ही इथे आलो आणि तेव्हापासून निवृत्तीपर्यंत ह्यांनी अर्ध्या हॅलिफॅक्सला झोपवलं आणि परत उठवलं. स्वतः गेले तेव्हा मात्र त्यांच्याबद्दल कुणी एक वाक्य बोललं नाही. दोन हजार नऊचा फेब्रुवारी होता, बाहेर वादळ. इथल्या देवळातले गुरुजी भारतात गेलेले. मग आमच्या शंतनूनं स्कारबरोच्या एका पंडितजींना फोनवर धरलं. फ्युनरल होमच्या गालिच्याच्या खोलीत एका स्टुलावर स्पीकरफोन ठेवला आणि आम्ही सगळे जाड कोट घालून त्या फोनपुढे हात जोडून उभे राहिलो. पंडितजी मंत्र म्हणत होते, मागे त्यांच्या घरातला दुसरा फोन वाजत होता. मग लाईनच कट झाली. शंतनू पुन्हा पुन्हा लावत राहिला, लागेना. तिथल्या काळ्या सुटातल्या माणसानं अगदी अदबीनं घड्याळाकडे बघितलं. मी म्हटलं, राहू दे. झालं.

त्यानंतर आमची मराठी माणसं घरी आली. रीतीप्रमाणे आली आणि रीतीप्रमाणे वागली. सुतकाच्या घरी पाणीसुद्धा घ्यायचं नसतं, त्यांनी घेतलं नाही. आणि निघताना 'येते' म्हणायचं नसतं. एरवी आपलं माणूस 'जातो' हा शब्द तोंडातून काढायचं नाही, दारात चपला घालताना दहादा 'येतो हं', 'येते गं' चाललेलं असतं. पण मर्तिकाच्या घरून उठायचं ते मुकाट्यानं, मागे न बघता. 'येते' म्हणजे पुन्हा असाच प्रसंग यावा, असं म्हटल्यासारखं होतं. माझी आई हे इतकं कडक पाळायची, की अशा घरी जाताना आम्हा मुलींना रस्त्यातच बजावायची, तोंड बंद. हॅलिफॅक्सच्या मंडळींनीही कटाक्षानं पाळलं. मी सोफ्यावर बसून होते आणि एकेक जण उठून, बूट चढवून, काही न बोलता बर्फात उतरत होता. नंतरही त्यांनी ते पाळलंच. कोणी आलं नाही.

जयंतीचे फोन येतात, ते मी नाकारत नाही. पण फोन तो फोन.

शंतनू कॅलगरीला असतो, तेलाच्या कंपनीत. रविवारी न चुकता बोलतो. "आई, यू नीड टु गेट आउट ऑफ द हाऊस. वॉकिंग ग्रुप जॉईन कर, योगा कर, काहीतरी कर." मी म्हणायचे, करते. बाहेर पडायला माझी ना नव्हती, पण पडून जायचं कुठे? ग्रोसरीला जाणं म्हणजे काही जाणं नव्हे. कुणीतरी दार उघडावं आणि 'या' म्हणावं, असं एखादं ठिकाण मला हवं होतं. लायब्ररीच्या भिंतीवर त्या कोर्सचा कागद लावलेला होता, त्यात एक ओळ होती, 'तुम्हाला लोक आपल्या घरी बोलावतील.' बाकीचा कागद मी नाव नोंदवल्यावर वाचला.

वर्ग संध्याकाळी भरायचा, एका कॉलेजच्या बेसमेंटमध्ये. शिकवायला ग्लेन्डा, उंच, करड्या केसांची, पूर्वीची नर्स. वर्गात सगळ्यात म्हातारी मी, आणि सावळी पण एकटी मीच. ग्लेन्डाचा पहिला धडा असा, की प्रश्न विचारा आणि मग गप्प बसा, त्या शांततेत माणसं खरं बोलतात. बाकीच्यांना हे काही केल्या जमेना. समोरचा जरा थांबला की त्यांची चुळबुळ सुरू, काहीतरी बोलून मोकळे व्हायचे. मला पहिल्या दिवसापासून जमलं. ग्लेन्डानं सगळ्यांना माझं उदाहरण दिलं. "प्रमोदिनी हॅज अ गिफ्ट," म्हणाली. कसली गिफ्ट नि काय! माझ्या घरात दिवसचे दिवस फ्रिजशिवाय कुणी आवाज करत नव्हतं.

शेवटची परीक्षा कागदावरची नव्हती. एक खरं कुटुंब मिळायचं. त्यांच्या घरी जायचं, विधी लिहायचा आणि लोकांसमोर पार पाडायचा. घरच्यांना पसंत पडलं तर सर्टिफिकेट. त्यांनी आपल्याला नको म्हटलं तर आपल्या जागी दुसरा विद्यार्थी जाणार, आणि आपण पुढच्या वर्षी. म्हणजे पुढच्या वर्षापर्यंत पुन्हा घरात बसून फ्रिजचं ऐकायचं.

माझा नंबर नोव्हेंबरात लागला. हार्बरच्या पलीकडे डार्टमथला अँगस मॅकआयझॅक नावाचे गृहस्थ होते, त्यांची बायको रीटा गेली होती. ते निवृत्तीपर्यंत फेरीबोटीवर कामाला, ती शाळेच्या कँटीनमध्ये स्वयंपाकाला. चर्चशी दोघांचं तरुणपणीच फाटलेलं. विधी शनिवारी, आणि त्याच्या आधी मंगळवारी मी घरी जायचं ठरलं. मी ठेवणीतला करडा कोट इस्त्री केला आणि दुपारच्या बोटीनं निघाले. कुणाच्या तरी घरी जायला म्हणून मी किती दिवसांनी कपाटातून चांगले कपडे बाहेर काढले होते, देव जाणे.

घर छोटं, लाकडी, स्वयंपाकघरातच सगळं बसणं-उठणं. टेबल शेजारपाजारच्यांनी आणलेल्या खाण्यानं भरून गेलेलं, फॉइल लावलेले कॅसरोल, त्रिकोणी सँडविच, ओट्स आणि खजुराच्या वड्या. शेगडीवर किटली, ती बहुधा बंद होतच नव्हती. अँगस पंच्याहत्तरीचे, हात एवढाले, स्वेटरचं बटण चुकीच्या काजात. त्यांची मुलगी शीला जवळच्या ट्रुरो गावाहून आलेली, डोळे सुजलेले, सारखी काहीतरी पुसत होती. पुढचं बोलणं अर्थातच इंग्रजीतलं आहे, मी माझ्या भाषेत सांगते.

"चहा घेणार ना?" शीलानं बसायच्या आधीच विचारलं.

"नको, थँक यू."

"अहो, तयारच आहे."

"खरंच नको."

तिनं तरी कप माझ्यापुढे ठेवला, बशीत एक वडी ठेवली. मी दोन्हीला हात लावला नाही. घरात माणूस गेलेलं, अजून विधी व्हायचा होता. अशा घरचा चहा घशाखाली उतरवायचा म्हणजे किती निर्लज्जपणा! आपण मान राखतोय, अशी माझी पक्की समजूत. तासाभरात चहावर साय धरली आणि शीला त्या कपाकडे बघत राहिली.

काम मात्र छान झालं. मी विचारलं आणि गप्प बसले. अँगस बराच वेळ टेबलक्लॉथवरचा डाग खरवडत होते. मग म्हणाले, "ती रोज माझ्याच बोटीनं घरी यायची. हॅलिफॅक्सहून शाळा सुटली की. थंडी असो, बर्फ असो, वरच्या डेकवर उभी राहायची. माझ्याशी बोलायची नाही हं, मी ड्युटीवर होतो ना. मी इकडे दोर बांधायचो, आणि सगळी माणसं उतरली की शेवटी ही उतरायची." एवढं बोलून ते थांबले. अजून काही होतं आत, मला दिसत होतं. पण पहिल्या भेटीत ओढून काढायचं नाही, हेही ग्लेन्डानं शिकवलं होतं.

मी उठले, बूट घातले. अँगस दारापर्यंत आले, दार धरून उभे राहिले. बाहेर बोचरा वारा, आणि ते घरातल्या सपातांवर. "पायरी जपून," ते म्हणाले. "शनिवारच्या आधी एकदा याल ना पुन्हा?"

माझं तोंड शिवल्यासारखं झालं. येते कसं म्हणणार? चाळीस वर्षं या देशात राहून, जन्मभर इंग्रजी बोलून, पण त्या दारात आईचा हात जसा काही माझ्या तोंडावर आला. मी मान खाली घातली, वळले आणि मागे न बघता चालायला लागले. बोटीत बसल्यावर मला बरं वाटलं. आपलं सगळं रीतसर झालं, असं मी स्वतःला म्हटलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्लेन्डाचा फोन आला. तिचा आवाज नर्सचा झाला होता.

"प्रमोदिनी, मॅकआयझॅकांची मुलगी बोलली माझ्याशी. त्यांना तू नको आहेस."

"का?"

"ती म्हणते, तू तिच्या आईच्या स्वयंपाकघरात चहाच्या कपाला बोटसुद्धा लावलं नाहीस. जसे काही कप घाण होते. आणि वडिलांनी पुन्हा या म्हटलं, तर तोंड फिरवून निघून गेलीस. ते त्या दारात कितीतरी वेळ उभे होते म्हणे. रात्री जेवले नाहीत."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी घाण म्हणणार लोकांचे कप? एकाहत्तर साली आमच्या शेजारणीनं माझी करंजी रुमालात गुंडाळून कुंडीत टाकलेली मी खिडकीतून बघितली होती, तरी दुसऱ्या दिवशी हसून बोलले होते. लोकांचे बेचव कॅसरोल खाल्ले, शेजाऱ्याच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हलनं उपसला, भिंतीला धक्का लागला तरी 'सॉरी' म्हणायला शिकले. आणि आता एका कपभर चहावरून माझं वर्ष बुडणार! हे सगळं मी ग्लेन्डाला सुनावलं. मग सुतक सांगितलं, पाणी न घेणं सांगितलं, 'येते' न म्हणणं सांगितलं. ती पलीकडून काहीच बोलेना. माझ्यावरच तिचा तो पहिला धडा चालवत होती, आणि कळत असूनही मी त्यात सापडले.

"आमच्या घरूनसुद्धा सगळे असेच गेले," मी म्हणाले.

"आणि तुला काय वाटलं?" ग्लेन्डानं विचारलं.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हे बघ, मी दुसऱ्या एकीला तयार राहायला सांगितलंय," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत थांबते. पण तुझ्या वतीनं मी त्यांना फोन करणार नाही. ते तुलाच करावं लागेल."

फोन ठेवला आणि सोफ्यावर बसले. समोर आमचं दार, त्याच्या शेजारी ह्यांचे स्नोबूट, अजून हलवले नाहीत मी. मला काय वाटलं होतं? त्या दिवशी माणसं एकेक करून निघाली तेव्हा मला वाटलं होतं, एकीनं तरी म्हणावं. एकीनं तरी ती मेली रीत मोडावी आणि म्हणावं, येते गं प्रमोदिनी. मला शुभ-अशुभ काही नको होतं. मला फक्त कुणीतरी परत येणार आहे, एवढं ऐकायचं होतं. रीत जाणाऱ्याच्या तोंडाची सोय बघते, मागे दारात उरणाऱ्याचं तिला काही पडलेलं नाही. हे मला त्या सोफ्यावर बसून पुरतं ठाऊक होतं, आणि तरी काल मी एका म्हाताऱ्याला तसंच दारात उभं करून आले होते.

मी फोन केला नाही. कोट घातला.

बोटीवर ओला बर्फ पडत होता, सगळी माणसं खाली काचेआड दाटीनं बसलेली. मी वर जाऊन आले. वरच्या डेकवर एक मिनिटही उभं राहवत नव्हतं. ही बाई हिवाळेच्या हिवाळे इथे उभी राहायची, नवरा खाली दोर घेऊन दिसावा म्हणून. डार्टमथला एका पोरसवदा माणसानं दोर बांधला आणि मी सगळ्यात शेवटी उतरले.

दार शीलानं उघडलं. चेहरा दगडासारखा.

"मी चहा प्यायला आलेय," मी म्हणाले.

ती बाजूला होईना. माझ्या चष्म्यावर बर्फ वितळत होता, मला तिचं तोंडही धड दिसत नव्हतं.

"कोण आहे?" आतून अँगसनी विचारलं.

"कालची ती."

"मग आत घे की तिला, शीला. हवा बघ."

मी कालच्याच खुर्चीवर बसले. शीलानं चहा ओतला, डब्यातलं घट्ट दूध घातलं आणि कप माझ्यापुढे जरा जोरातच ठेवला. मी दोन्ही हातांनी उचलला. सुतकाच्या घरचा माझ्या आयुष्यातला पहिला घोट. चहा कडक होता, दाट, बराचसा आमच्या चहासारखा. खजुराची वडीही खाल्ली.

मग मी सांगितलं. आमच्याकडे माणूस गेलेल्या घरचं पाणीसुद्धा घेत नाहीत, त्या घरावर आपला भार नको म्हणून. आणि निघताना 'पुन्हा येईन' म्हणत नाहीत, कारण ते पुन्हा मरण मागितल्यासारखं होतं. "मी तुमचा मान राखत होते," मी म्हणाले. "पण तो आमच्या पद्धतीनं. तुमच्या दारात तो अपमान झाला. माझं चुकलं."

शीला ओट्याला टेकून हाताची घडी घालून उभी होती. "म्हणजे कप घाण आहेत म्हणून नाही?"

"नाही गं बाई."

हे मी चक्क मराठीत म्हणाले, आणि ते तिला कळलं असावं. तिची घडी सुटली.

अँगस मात्र दुसऱ्याच विचारात होते. खूप वेळ कपात चमचा ढवळत राहिले. "जाताना येतो म्हणत नाहीत," ते म्हणाले. "बरं. मग नंतर कोण येतं?"

मी आजवर हजार माणसांना आमच्या चालीरीती समजावून सांगितल्या असतील, मंगळसूत्र, गणपती, सगळं. असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

"कोणी नाही," मी म्हणाले.

"तुमच्याकडे कोण गेलं?"

"नवरा. मागच्या वर्षीच्या हिवाळ्यात."

अँगसनी मान हलवली. शीलानं न विचारता माझा कप पुन्हा भरला, या वेळी हळूच ठेवला. आणि मग म्हातारा आपणहून बोलायला लागला. रीटा रोज सकाळी घरातून निघताना 'सी यू ऑन द बोट' म्हणायची. कामाच्या सगळ्या वर्षांत एक दिवस चुकली नाही. निवृत्त झाल्यावर ते वाक्य आपोआप बंद पडलं. गेल्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये, शेवटच्या संध्याकाळी, अँगस घरी यायला निघाले तेव्हा तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "सी यू ऑन द बोट, अँगस."

"मला वाटलं औषधांनी तिला भ्रम झालाय," अँगस म्हणाले. "मी तिला समजावलं. म्हटलं, रीटा, बोट नाही, तू हॉस्पिटलमध्ये आहेस. ती म्हणाली, बरं. ते शेवटचं. मी तिला नुसतं 'हो' म्हणायला काय झालं होतं?"

त्यांचे एवढाले हात टेबलावर पडले होते आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. शीलानं हे पहिल्यांदाच ऐकलं होतं. ती त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. मी गप्प बसले. या वेळी ग्लेन्डानं शिकवलं म्हणून नाही, मला बोलताच आलं नसतं. संध्याकाळ व्हायच्या आत शीलानं स्वतः ग्लेन्डाला फोन लावला आणि सांगितलं, हीच बाई चालेल.

शनिवारी फ्युनरल होमची खोली माणसांनी भरली होती. ह्यांच्या वेळची ती खोली नव्हे, पण गालिचा तसाच. मागच्या रांगेत फेरीवरची म्हातारी मंडळी आपली जुनी जाकिटं घालून बसली होती, शाळेत रीटाच्या हातचं सूप प्यालेली आता बापे झालेली पोरं होती, आणि सगळ्यात मागे ग्लेन्डा. मी उभी राहिले. माझा नागपुरी इंग्रजी आवाज माझ्याच कानांना परका वाटत होता. पण मी रीटाबद्दल सांगायला लागले आणि पहिल्या दोन वाक्यांतच तिसऱ्या रांगेतली एक बाई हसली आणि तिनं शेजारणीला कोपर मारलं. अशीच होती ती! मग मला भीती उरली नाही. वरचा डेक सांगितला, सगळ्यांच्या शेवटी उतरणं सांगितलं. हॉस्पिटलचं सांगितलं नाही, ते अँगसचं होतं. शेवटी फक्त एवढंच म्हणाले, की रीटानं जाताना एक वाक्य म्हटलं होतं, त्याचं उत्तर आज अँगस देणार आहेत.

अँगस उठले, शवपेटीपाशी गेले. एक हात लाकडावर ठेवला. "सी यू ऑन द बोट, रीटा," ते म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, बोटीवरून धक्क्यावर ओरडून सांगावं तसं.

सेलेब्रंटनं रडायचं नसतं. मी रडले नाही. नंतर वॉशरूममध्ये जाऊन रडले, रीटासाठी थोडं आणि बाकीचं त्या स्टुलावरच्या फोनसाठी.

पार्किंग लॉटमध्ये ग्लेन्डानं मला मिठी मारली. म्हणाली, पास झालीस, सर्टिफिकेट पोस्टानं येईल. मग पुन्हा नर्स झाली. "आता त्यांच्या घरी सँडविच खा, हात मिळव आणि बाजूला हो. आपलं काम तिथे संपतं. परत परत जायचं नाही, ते कुटुंब आपलं नसतं." मी हो म्हटलं. म्हणजे ग्लेन्डाच्या शास्त्रातही 'येते' म्हणायचं नव्हतंच.

घरी खूप माणसं होती, मग कमी झाली. निघताना प्रत्येक जण अँगसच्या पाठीवर थाप मारत होता, टेक केअर, काही लागलं तर फोन कर. ते सगळ्यांना बरं, बरं म्हणत होते. शीला कपबश्या विसळत होती, ती दुसऱ्या दिवशी ट्रुरोला परत जाणार होती. टेबलावरचे कॅसरोल तसेच होते, खाणारा आता एक. मी शेवटची उठले. बूट घालताना मला आपली उगाचच घाई झाली, दोन्ही नाड्यांची गाठ बसेना.

अँगस दार धरून उभे राहिले, तसेच सपातांवर. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही. मंगळवारी विचारून झालं होतं.

आईला मनातल्या मनात हात जोडले. ग्लेन्डालाही.

"येते," मी म्हणाले. "आय विल कम अगेन."

"कधी?" अँगसनी विचारलं.

मी बघतच राहिले. आपल्यात 'येते' म्हणणाऱ्याला 'कधी' असं कुणी विचारत नाही. म्हणणाऱ्यानं म्हणायचं, ऐकणाऱ्यानं मान हलवायची, दार लावायचं, संपलं. आणि हा माणूस दार उघडं टाकून, थंडी घरात घेत, खरोखरीच उत्तरासाठी थांबला होता.

माझे सगळेच वार मोकळे होते. रविवारी शंतनूचा फोन सोडला तर कुठल्याच वाराला काही नाव नव्हतं. तरी मी जरा विचार केल्यासारखं केलं, अगदी कामात असलेल्या बाईसारखं.

"गुरुवारी," मी म्हणाले. "दोनच्या बोटीनं."

"मी धक्क्यावर येतो," अँगस म्हणाले.

पायऱ्या उतरले, रस्त्याला लागले. कोपऱ्यावर आल्यावर मी मागे वळून बघितलं. तेही बघायचं नसतं. अँगस अजून दारातच उभे होते, आणि त्यांनी हात वर केला.